सर, जरा सांभाळून घ्या

माझी थोरली मुलगी यंदा नीटच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसते आहे. पहिल्या वेळी गुण कमी पडले, तेव्हा एक वर्ष घरीच राहून पुन्हा तयारी करायची असं आमच्या घरात ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. वेळापत्रकही मीच केलं. फजरची नमाज झाली की जीवशास्त्र, नाश्त्यानंतर भौतिकशास्त्र, दुपारी रसायनशास्त्र, असरनंतर सराव परीक्षा. मोठ्या कागदावर स्केचपेनने रकाने आखले आणि तो तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला. शिक्षकाच्या घरात जन्मलेल्या मुलाला शाळेतून सुट्टी कधीच मिळत नाही.

जानेवारीतली थंडी होती. एका सकाळी सात वाजता तिच्या खोलीत डोकावलो, तर बाईसाहेब पुस्तकावर डोकं ठेवून झोपलेल्या. मी सुरू झालो. लातूरच्या, संभाजीनगरच्या क्लासमधली मुलं या वेळेपर्यंत दोन धडे संपवून बसली असतील. या परीक्षेत उत्तर चुकलं तर नुसतं शून्य मिळत नाही, कमावलेल्यातलाही एक गुण कापून घेतात. तिथे कोणी तुझी झोप विचारणार नाही. तिने डोकं वर केलं, डोळे चोळले आणि म्हणाली, "अब्बा, प्लीज! कट मी सम स्लॅक!"

सूर कळला, शब्द कळले नाहीत. वीस वर्षं मी मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो आहे, बी.एड.ची पदवी कपाटात आहे, आणि घरातलं लेकरू तिसऱ्या भाषेत माझ्याकडे काय मागतंय ते मला कळेना. 'कट' म्हणजे कापणे, एवढंच समजलं. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "क्या काटने कू बोल रई वो?" मी म्हणालो, "मालूम नै. शायद मेरी जबान." आम्ही दोघं हसलो. मुलगी हसली नाही.

मग शब्दकोश काढला. स्लॅक म्हणजे दोरीचा सैल, लोंबता भाग. दोरी ओढून धरलेली असली की तिच्यात स्लॅक उरत नाही. आणि सगळं वाक्य मिळून अर्थ असा, की माझ्या बाबतीत जरा नरमाईने घ्या, एवढं ताणून धरू नका. मोबाईलवर जगभरचे व्हिडिओ बघणाऱ्या आपल्या मुलांच्या तोंडी हे वाक्य सहज येतं. त्यांना त्यातली दोरी दिसतही नसेल. मला मात्र आधी दोरीच दिसली, आणि तिचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे तेही दिसलं.

त्याच आठवड्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद होती. आजूबाजूच्या मराठी आणि उर्दू शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा तिथे जमतात. चहाच्या वेळी मी हे वाक्य पुढे टाकलं आणि विचारलं, याला मराठीत काय म्हणाल? आपल्या पिशोरकडे शिक्षक हा अर्धा शेतकरी असतोच. अद्रक आणि मका लावणारे एक गुरुजी लगेच म्हणाले, "कासरा सैल सोडणे. औताच्या बैलाचा कासरा सारखा ओढत राहिलात तर तो तास वाकडा करतो." दुसरे म्हणाले, "चालवून घेणे." तिसरे म्हणाले, "कानाडोळा करणे." एका मॅडमनी सांगितलं, "लेकराची चूक पोटात घालणे." शेवटी कोपऱ्यात डबा उघडून बसलेल्या दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, "अहो सर, एवढं कशाला शोधता? आपण रोज म्हणतो की. जरा सांभाळून घ्या."

मला ते शब्द घरी जाईपर्यंत पुरले. इंग्रजीने दोरी घेतली, मराठीने बहुतेक ठिकाणी माणसाचं शरीर घेतलं. चूक दिसली तरी डोळा दुसरीकडे वळवायचा, म्हणजे कानाडोळा. चूक पोटात घालायची, म्हणजे ती बाहेर कुठे दिसू द्यायची नाही. पदरात घ्यायचं, म्हणजे आपल्या अंगावरच्या कापडाने दुसऱ्याला झाकायचं. आणि सांभाळून घ्यायचं, म्हणजे पडणाऱ्याला पडू न देता सोबत चालवायचं.

मग माझ्यातला उर्दूचा मास्तर जागा झाला. कचेरीत जाऊन आपण जी नरमाई मागतो तिचे शब्द कुठले आहेत? सवलत, मुभा, मुदत, माफी, रजा. हे सगळे मुळात अरबी. फारसीच्या बोटाला धरून ते दख्खनमध्ये आले आणि मराठीत असे मिसळले, की सवलत मागणाऱ्याला आपण परका शब्द बोलतोय असं कधी वाटत नाही. मला क्षणभर अभिमान वाटला. मग लक्षात आलं की सक्ती, जुलूम, तगादा, जप्ती, हुकूम हे शब्दही त्याच वाटेने आले आहेत. राज्यकारभाराची भाषा म्हटली की चाबूक आणि मलम एकाच पेटीतून येतात. तेव्हा अभिमान गुंडाळून ठेवला.

पण 'सांभाळून घ्या' हे शब्द डोक्यातून जाईनात. कारण ते मला एका माणसाने सांगितले होते, आणि मी ते ऐकले नव्हते.

सुमारे चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका वस्तीवरून एक मुलगा आमच्या उर्दू शाळेत आठवीला आला. बाप हमाली करायचा. दाखल्याचे कागद माझ्या टेबलावर ठेवून, डोक्यावरची टोपी सारखी करत तो म्हणाला, "सर, पोट्टा मराठी में जरा कच्चा है. संभाल के लेव." आपली दखनी अशीच आहे. तिच्यात मराठी वाक्य सुखाने नांदतं. 'नको'चं तिने 'नक्को' केलं आहे आणि 'सांभाळून घ्या'चं 'संभाल के लेव'.

मुलगा खरोखर कच्चा होता, पण धीट होता. हात वर करायचा, उठून वाचायचा, आणि अडखळायचा. ज्यांच्या घरात मराठी बोलली जाते त्यांना हे अडखळणं कदाचित सांगून कळणार नाही. उर्दूत 'ळ' नाही, 'ण' नाही. त्यामुळे 'शाळा'ची 'शाला' होते आणि 'पाणी'चं 'पानी'. मराठीत 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चार' मधला च वेगळा, 'चारा' मधला वेगळा. 'हे जग' मधला ज वेगळा, 'सुखाने जग' मधला वेगळा. लिहिताना मात्र अक्षर एकच, ना टिंब ना खूण. मराठी मूल हे आईच्या मांडीवर शिकतं. आमचं मूल अंदाजाने चालतं. त्यात उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. वर जे शब्द दोन्हीकडे आहेत तेही दगा देतात. उर्दूत आवाज स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. चाय येते, पण चहा येतो. उर्दूत पोलीस आली, मराठीत पोलीस आले.

हे सगळं मला माहीत होतं. बी.एड.च्या वर्षी मी पाठाच्या टाचणात लिहिलंही होतं की विद्यार्थ्याची चूक हा गुन्हा नसून शिकण्याच्या वाटेवरचा टप्पा असतो. त्या पाठाला गुण चांगले मिळाले होते. नंतर नोकरी लागली, आणि हातात लाल पेन आला. त्या मुलाच्या वहीचं एकेक पान मी असं लाल करून द्यायचो की त्याची निळी शाई शोधावी लागायची.

२७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आपण मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा करतो. त्या वर्षी भाषणासाठी त्याने स्वतःहून नाव दिलं. कागदावर लिहून, पाठ करून आला. "आदरणीय व्यासपीठ, माझे गुरुजन आणि मित्रांनो" इथपर्यंत ठीक झालं. मग म्हणाला, "माझी आवाज सर्वांपर्यंत येत असेल अशी आशा करतो." मी खुर्चीतूनच म्हणालो, "माझा आवाज. माझी नाही." मुलं हसली. तो म्हणाला, "माझा आवाज." पुढचं वाक्य होतं, "मराठी भाषा फार जुना आहे." मी म्हणालो, "जुनी." आता मुलं मोठ्याने हसली. त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी घातली आणि खाली उतरला. मी पुढच्या मुलाचं नाव पुकारलं.

एवढंच झालं. मी त्याला मारलं नाही, ओरडलो नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना मारायला आणि त्यांच्या मानसिक छळाला बंदी घातली आहे, आणि तो कायदा मी मोडतोय असं मला त्या दिवशी स्वप्नातही वाटलं नसतं. माझ्या हातात छडी नव्हती, फक्त व्याकरण होतं. पण त्यानंतर त्या मुलाने माझ्या तासाला मराठीत तोंड उघडलं नाही. लिहायचा, पास व्हायचा, पण उभं केलं की खाली बघायचा. दहावी झाला आणि गेला. मी विसरून गेलो.

तीन वर्षांपूर्वी कन्नडला गेलो असताना मोटारसायकलची क्लच वायर तुटली. रस्त्याकडेच्या एका गॅरेजपर्यंत गाडी ढकलत नेली. तिथे ट्रॅक्टरखालून दोन पाय बाहेर आले होते, आणि खालून आवाज येत होता, "काका, तुमची क्लच प्लेट पूर्ण गेला. नवीन टाकतो. उद्या सकाळी तुमचा गाडी चालू." धोतरातले काका म्हणाले, "टाक बाबा, पण पैसे कापूस गेल्यावर." खालून उत्तर आलं, "द्या हो काका सावकाश, मी कुठे पळून चाललो?"

काकांना 'प्लेट गेला' ऐकूच आलं नव्हतं. त्यांना एवढंच ऐकू आलं की उद्या ट्रॅक्टर चालू होणार आणि पैशासाठी तगादा लागणार नाही.

तो बाहेर आला, हात पुसले, मला पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. "सर! आप? बैठो, बैठो." पोराला चहा आणायला पिटाळलं. माझी वायर स्वतः बदलायला घेतली. तेवढ्यात आणखी एक गिऱ्हाईक आलं आणि मराठीत काहीतरी विचारू लागलं. मी बघत होतो. आताच काकांशी धबधब्यासारखा बोलणारा हा माणूस नुसता मान हलवू लागला, बोटांनी खुणा करू लागला. शेवटी त्याने कामावरच्या पोराला पुढे केलं.

मी विचारलं, "काय रे, गप्प का झालास?" तो हसला. कडवटपणा अजिबात नव्हता. "सर, आप बैठे तो मराठी नै निकलती. जबान अटक जाती."

मग त्याने सहज सांगितलं, "लडके कू मराठी मीडियम में डाला, सर. उसकू तो अटकना नै."

दर जूनमध्ये मी मोहल्ल्यात दारोदार फिरतो. उर्दू शाळेची पटसंख्या टिकावी म्हणून आईबापांना समजावतो, की लेकरू आधी आपल्या भाषेत शिकू द्या, मराठी आम्ही नीट शिकवतो. त्या क्षणी मला त्याच्याशी हा वाद घालता आला नाही. घालायचा तरी कोणत्या तोंडाने? क्लच वायरचे पैसे पुढे केले तर त्याने घेतले नाहीत. "आप से कैसे लूं, सर?" मी माफी मागायला हवी होती. मी "बरं, येतो" म्हणालो आणि गाडीला किक मारली.

मी असा का वागलो, याचा मी नंतर खूप विचार केला. एक कारण सांगतो, त्याने माझी चूक कमी होत नाही. मराठी बोलणाऱ्या प्रत्येक मुसलमानाने आयुष्यात कधी तरी हे ऐकलेलं असतं, "अरे वा, तुम्ही मराठी छान बोलता!" बोलणारा मनापासून कौतुक करत असतो. पण माझ्या शेजारच्या गुरुजींना हे कोणी म्हणत नाही. त्यांची मराठी चुकली तर ती बोलण्याच्या ओघातली चूक असते. माझी चुकली तर तिचा हिशोब कुठेतरी वेगळ्या वहीत लिहिला जाईल, अशी भीती मला कायम असते. दुसऱ्या बाजूला शुद्ध उर्दूवाले आमच्या 'हौ' आणि 'नक्को'ला हसतात. खरं तर वली आणि सिराज हे शायर आपल्याच औरंगाबादचे. १७२० च्या सुमारास वलीचा दीवान दिल्लीत पोहोचला, तेव्हा तिथल्या शायरांनी त्याच्याकडून गजल शिकून घेतली. तरीही आमच्या मुलाला दोन्ही बाजूंनी टोकलं जातं. म्हणून मी ठरवलं होतं की माझ्या मुलांच्या मराठीला कोणी हसता कामा नये. दोरी इतकी घट्ट धरली की ती बाहेरच्यांच्या हातात जाणारच नाही. आणि झालं काय, तर त्याला पहिलं हसू माझ्यामुळे सोसावं लागलं.

त्या दिवशी परिषदेतला चहा संपता संपता एक वादही झाला. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "सांभाळून घेणं ठीक आहे, पण पोरांना बोट दिलं की ती मनगट धरतात. आज शुद्धलेखन सोडा म्हणतील, उद्या परीक्षेत कॉपी चालवून घ्या म्हणतील." ही भीती खोटी नाही. दहावी-बारावीच्या परीक्षेत दरवर्षी कॉपीमुक्त अभियान राबवावं लागतं ते उगीच नाही. 'चालवून घ्या' म्हणत म्हणत आपण पुष्कळ नको ते चालवून घेतलेलं आहे. शिवाय ही नरमाई मिळते कोणाला, तेही बघायला हवं. वजनदार माणसाला ती न मागता मिळते, आणि हमाली करणाऱ्या बापाला टोपी सारखी करून मागावी लागते.

आमचे एक बौद्ध सहकारी तोवर शांत बसले होते. त्यांनी सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट सांगितली. सोण मोठा कष्टाळू. चालत ध्यान करता करता पायांतून रक्त आलं, तरी मनाला शांती लाभेना. शेवटी संघ सोडून घरी जावं असं त्याच्या मनात आलं. घरी असताना तो वीणा वाजवायचा. बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर वीणा वाजायची का? नाही. फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. मग साधनेचंही तसंच आहे. सहकारी म्हणाले, "सर, तार काढून टाका असं ते म्हणाले नाहीत. सुरात लावा म्हणाले."

संक्रांतीचा आठवडा होता. संध्याकाळी मी गच्चीवर गेलो. शेजारच्या गच्चीवर दोन पोरं पतंग उडवत होती. एकाच्या हातात मांजा, दुसऱ्याच्या हातात चक्री. पेच लागला होता आणि चक्रीवाला ओरडत होता, "ढील दे, ढील दे!" मी लहानपणी हजारदा हेच ओरडलो असेन. आपल्याकडे स्लॅकला इतका साधा शब्द असताना मी शब्दकोश उघडून बसलो होतो. हिंदू-मुसलमान, सगळ्या पोरांच्या तोंडी हाच शब्द असतो.

ढील देणाऱ्या पोराचा हात कधी नीट पाहिलाय? तो मांजा सोडून देत नाही. मांजा बोटांमधून सरकत असतो आणि वरच्या पतंगाची थरथर बोटांना कळत असते. पतंग वाऱ्यावर दूर जातो, पण असतो त्याच्याच हातात. जास्तच सोडलं तर पतंग गोते खात खाली येतो. नुसतं ओढत राहिलं तर कधी कधी मांजा तुटतो, आणि मग पतंग दुसऱ्याच गल्लीत जातो. माझा पतंग असाच गेला होता.

आमच्या धर्मशास्त्रात यासाठी एक शब्द आहे, रुख्सत. मूळ हुकूम पुरा पाळणं ही अजीमत, आणि अडचणीत मिळालेली सवलत ही रुख्सत. आजाऱ्याने आणि मुसाफिराने रोजा पुढे ढकलावा. प्रवासात चार रकातांच्या फर्ज नमाजच्या दोन होतात. पाणी नसेल तर पाक मातीने तयम्मुम करावं. उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर पडून नमाज अदा करावी. पण बघा, नमाज माफ होत नाही, तिची रीत बदलते. सुटलेला रोजा नंतर भरून काढायचा असतो. दहावीत एक-दोन विषय राहिलेल्या मुलाला एटीकेटी देऊन अकरावीला बसवतात तेही असंच आहे. विषय सुटत नाही, पण वर्ष बुडत नाही.

हदीसमध्ये येतं की पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम लांब नमाज पढवायच्या इराद्याने उभे राहायचे. पण मागून एखाद्या लेकराचं रडणं कानावर आलं, की त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आटोपती घ्यायचे. मी हे मुलांना कितीदा तरी सांगितलं आहे. पुढे उभं राहणाऱ्याला मागच्या रांगेतलं लेकरू ऐकू आलं पाहिजे, हे सांगताना माझा आवाज भरून येतो. आणि तोच मी, माझ्यासमोर उभ्या असलेल्या लेकराच्या फक्त चुका ऐकत होतो.

यंदाचा २७ फेब्रुवारी आला. सातवीतली एक मुलगी भाषणाला उभी राहिली. बारीक आवाज, हातात चुरगळलेला कागद. दुसऱ्याच वाक्याला म्हणाली, "माझी आवाज." माझी जीभ टाळ्याला लागली होती. शेजारी बसलेल्या सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझी सवय माहीत आहे. मी डायरी उघडली आणि त्यात 'आवाज' असं लिहिलं. ती चारेक मिनिटं बोलली. माझ्या डायरीत अकरा शब्द जमले. शेवटी तिने "जय महाराष्ट्र" म्हटलं आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती धावत जागेवर गेली आणि मैत्रिणीच्या खांद्यात तोंड लपवून हसली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन रकाने आखले. कोणाचं नाव घेतलं नाही. उर्दूत ती आणि मराठीत तो, असे शब्द सांगा म्हटलं. आवाज, चहा, पोलीस मी लिहिले, बर्फ मुलांनी सांगितला. मग दोन्हीकडे ती असलेले शब्द विचारले. जमीन, हवा, इमारत, तारीख, भराभर हात वर होऊ लागले. काल भाषण केलेली मुलगीही हात वर करून उभी होती. अकराचे अकरा शब्द त्या आठवड्यात शिकवून झाले. एकही चूक मी सोडून दिली नाही. फक्त ती कुठे आणि केव्हा धरायची, तेवढं बदललं.

आणि घरी? भिंतीवरचं वेळापत्रक मी स्वतः काढलं. मुलीला म्हणालो, "तुझं तू कर." तिने केलेल्या वेळापत्रकात फजरनंतर एक तास झोप आहे, असरनंतर गच्चीवर फिरणं आहे आणि रविवारची दुपार कोरी आहे. ती कोरी जागा बघून माझ्या पोटात अजूनही गोळा येतो. आठवड्यातून एकदा तरी मी तिच्या दारापर्यंत जातो आणि परत फिरतो. परवा तिने आतूनच विचारलं, "अब्बा, ढील दे रहे ना?" मी म्हणालो, "हौ. पन चक्री मेरे पास है." ती हसली.

परीक्षा मे महिन्यात आहे. निकाल काय लागेल ते अल्लाह जाणे. वेळापत्रक सैल केल्याने गुण वाढतील असा दावा मी करणार नाही. पण ती अजून माझ्याशी बोलते आहे, तिच्या चुकांसकट.

मला एकदा कन्नडला जायचं आहे, क्लच वायरचे पैसे द्यायला. तो घेणार नाही, हे माहीत आहे. या वेळी मी त्याच्याशी मराठीतच बोलायला सुरुवात करणार आहे. जी माफी तेव्हा मागायची राहिली, ती आधी मागेन. मग तो जे काही बोलेल, जसं बोलेल, ते वाक्य त्याचं त्याला पुरं करू देईन.